बाबांना जरा बरं नाही

६ ऑक्टोबर, रविवार

घरी काहीतरी शिजतंय आणि मला त्याचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतंय.

रविवारी न्याहारी झाली की सार्जंट पत्र्याची पेटी उघडतो आणि तासाभरासाठी आमचे फोन आम्हाला परत देतो. रेंज फक्त तबेल्यामागच्या टेकाडावर मिळते. तिथे आम्ही सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतो, त्यामुळे कुणाच्या घरी काय भांडण चाललंय हे सीमेवरच्या या अख्ख्या चौकीला पाठ असतं. माझा क्रम ठरलेला. आधी आई, मग तालान्तदादा, मग वहिनी आणि सगळ्यांत शेवटी बाबा. सैन्यात आल्यापासून बाबांचं बोलणं एका अक्षराने बदललेलं नाही. "जेवलास? थंडी आहे? बरं, ठेव."

आज बाबा आलेच नाहीत. आई म्हणाली, मेंढरांकडे गेलेत. त्याच वेळी मागून दादा म्हणाला, नारिन शहराला गेलेत. मी विचारलं, "मेंढरं नारिनला नेली का?" तर आई हसली. हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवल्यासारखी गप्प झाली.

माझ्या शेजारच्या खाटेवरचा इस्काक म्हणतो, "मिर्लान, तुझ्या चहात कुणी साखर जास्त घातली ना, तर तू म्हणशील विषाची चव झाकायला घातली." म्हणू दे. माझे लोकरी मोजे मागच्या आठवड्यात दोरीवरून गेले. इस्काकच्या पायात ते कधी दिसत नाहीत, म्हणजे त्याने ते नक्की लपवलेत.

९ ऑक्टोबर

आज आमच्या बराकीतला दाउलेत घरी गेला.

सकाळी घोड्यांना पाणी पाजत होतो तेव्हा कॅप्टनने त्याला बोलावून घेतलं. परत आला तो म्हणाला, "काकांना जरा बरं नाही म्हणे. घरून बोलावलंय." त्या काकांनीच त्याला लहानाचा मोठा केला. आम्ही सगळे म्हणालो, "हो का? होईल बरं." आणि कुणीही त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. आपल्यात दूरच्या माणसाला मरण फोनवर सांगतं का कोणी? जरा ताप आहे, जरा चक्कर आली, एवढंच सांगायचं. माणूस घरी पोचला की मग चार वडीलधारी त्याला खरं सांगतात, नाहीतर दाराशी पोचल्यावर त्याचं त्यालाच दिसतं.

दाउलेतला कळलं नसेल का? कळलं असणार. पण त्याने विचारलं नाही. विचारलं की कुणाला तरी सांगावं लागतं. आचाऱ्याने त्याच्या वाडग्यात मांसाचे मोठे तुकडे वाढले आणि त्याने ते मुकाट्याने खाल्ले.

१३ ऑक्टोबर, रविवार

बाबा आजही नाहीत. "झोपलेत," आई म्हणाली. सकाळी दहाला! माझे बाबा उजाडल्यानंतर झोपलेले मी जन्मात बघितले नाहीत.

"जेवतात ना नीट?"

"जेवतात की. शोर्पो पितात."

"नुसता रस्सा? आणि मांस?"

"मांस नको म्हणतात हल्ली."

घोड्याचं सुकं मांस सुरीने कापून दिवसभर चघळणारा माणूस मांस नको म्हणतो! मी दादाला फोन द्यायला सांगितलं. दादा तर ताकाला तूर लागू देईना. "सगळं ठीक आहे, तू तुझी बंदूक सांभाळ," म्हणाला. कुठेतरी पाणी मुरतंय.

इस्काकने शेजारी उभं राहून सगळं ऐकलं. म्हणाला, "म्हातारी माणसं. रस्सा पितात." मी म्हटलं, "तू तुझं बघ." तो त्याच्या होणाऱ्या बायकोशी बोलत होता, पण त्याचा एक कान माझ्याकडेच होता.

१७ ऑक्टोबर

कोळशाच्या ट्रकबरोबर घरून पुडकं आलं. तळलेले बोर्सोक पाव, लोणी, एक स्वेटर. आणि तळाशी कुरुत, सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे.

कुरुत आई दरवेळी पाठवते, त्याचं काही नाही. पण हे कुरुत बाबांच्या पिशवीतलं होतं. चामड्याची, काळी पडलेली, कडेला दोराने शिवलेली. ती त्यांच्या कोटाच्या खिशात असते. त्यातले दगडासारखे गोळे ते घोड्यावर बसल्या बसल्या कडाकडा फोडतात. त्यांचा मोठा भाऊ आला तरी त्याला एकच गोळा काढून देतात. ती अख्खी पिशवी, तोंडापर्यंत भरलेली, मला पाठवली.

माणसाच्या वस्तू कधी वाटतात? मी विचारत नाही, मला ठाऊक आहे. चुलत आजोबा गेले तेव्हा त्यांची टोपी आणि पट्टा वाटताना मी स्वतः तिथे होतो.

चौकीतल्या पोरांनी कुरुत मागितलं. मी दिलं नाही. इस्काक म्हणाला, "कंजूष." त्याला काय सांगू? पिशवी उशाखाली ठेवली आहे, बाजूला ही वही. ही वही तो वाचतो असाही मला संशय आहे. वाचत असशील तर इस्काक, मोजे परत कर.

२० ऑक्टोबर, रविवार

आज वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

आई गोठ्यात होती, दादा अजून उठला नव्हता, म्हणून फोन वहिनीने घेतला. ती मोठ्या खुशीत होती. म्हणाली, परवा घरी पाहुणे आले होते, मेंढा कापला. आणि, "डोकं तुझ्या दादापुढे ठेवलं!"

मी म्हटलं, "कुणापुढे?"

 मग, "अगं बाई, दूध उतू गेलं वाटतं," असं म्हणून तिने फोन ठेवला. आमच्याकडे दूध सकाळी सहाला तापवतात.

ज्याचा बाप जिवंत आहे त्याने मेंढ्याच्या डोक्याला हात लावायचा नसतो. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. दादा चाळिशीला आला, पण आजवर त्याच्यापुढे कधी डोकं ठेवलेलं मी पाहिलं नाही. कान कापून द्यायचे ते बाबा, डोळा काढून द्यायचे ते बाबा.

पुन्हा फोन लावला. उचलला नाही. मी टेकाडावरून उतरलो. आमची रांग ऐकत होती, पण कुणी काही विचारलं नाही. न विचारणं हेच मला आवडलं नाही.

२२ ऑक्टोबर

रात्रभर बर्फ. गस्तीला निघालो तर माझ्या घोड्याच्या खोगिराचा पट्टा कुणीतरी आधीच आवळून ठेवला होता. कोणी? आणि का? सगळे हल्ली माझ्याशी गोड बोलतात.

किंवा बोलत नसतील. इस्काक म्हणतो, मीच सगळ्यांकडे असं बघतो की त्यांना गोड बोलावं लागतं.

बाबा असते तर म्हणाले असते, जेवलास? थंडी आहे? बरं. लिहून झाल्यावर बघतो तर "असते" लिहिलंय.

२४ ऑक्टोबर

कॅप्टनने बोलावलं.

उभा राहिलो. त्याने सिगारेट विझवली आणि टेबलाला वळसा घालून बाहेर आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा माणूस कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही. म्हणाला, "तुझ्या भावाचा फोन आला होता. वडिलांना जरा बरं नाही. दहा दिवसांची रजा लिहून ठेवली आहे. उद्या ट्रक खाली जातोय, त्याने जा."

मी म्हटलं, "जिवंत आहेत का, साहेब?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "जरा बरं नाही, असंच म्हणाला तो." मग स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "हवं तर बोलून घे. इथेच बोल, टेकाडावर नको." आणि तो बाहेर गेला.

दादाने लगेच उचलला. मी विचारलं, "दादा, खरं सांग. बाबा गेले का?"

"अरे वेड्या, काय बोलतोस! ताप आहे थोडा. तोंड सुजलंय, म्हणून बोलता येत नाही. तू ये, तुला बघितलं की बरं वाटेल त्यांना."

"शपथ घे."

"भाकरीची शपथ. जिवंत आहेत."

दाउलेतच्या घरच्यांनीही हेच सांगितलं असणार. दुसरं काय सांगतात? मेले असतील तरी "जिवंत आहेत" असंच म्हणणार, आणि जिवंत असतील तरी तेच. मग या शब्दाचा मला उपयोग काय?

मी म्हटलं, "फोन त्यांच्या तोंडाशी धर."

बराच वेळ खुडबुड झाली. कुणीतरी कुजबुजलं. मग तोंडात भुसा भरून बोलावं तसा एक आवाज आला. "हं?"

तो आवाज बाबांचा नव्हता. मी परीक्षा घेतली. "आपली तांबडी घोडी कुठल्या पायाने लंगडते?"

"फाफच्या. डाव्या."

मागच्या डाव्या. बरोबर. पण हे तर शेजारच्या काकांनाही माहीत आहे. मी पुढे काय विचारावं ते शोधत होतो, तेवढ्यात तो आवाज म्हणाला, "फेवलाफ?"

जेवलास? तेवढंसुद्धा शिकवून ठेवलंय त्या माणसाला! मी फोन बंद केला. कुणाला बसवलं असेल? बहुतेक काकांनाच. त्यांनाही रडू येत असणार, म्हणून आवाज तसा.

बराकीत आलो तर सगळे उठून उभे राहिले. आचाऱ्याने माझ्या वाडग्यात मांस वाढलं, मोठे मोठे तुकडे. आणि जेवण झाल्यावर इस्काक आला. खाली बघत त्याने माझे लोकरी मोजे माझ्या हातात ठेवले. "माझ्याकडेच होते. वरती थंडी फार होती रे. माफ कर."

इस्काकने मोजे परत केले. आता शंकेला जागाच उरली नाही.

२५ ऑक्टोबर

ट्रकच्या मागच्या फळीवर बसून लिहितोय, अक्षर नीट येत नाही. खिंडीत दोनदा उतरून ढकलावा लागला. ड्रायव्हरने आज रेडिओ लावलेला नाही, म्हणजे त्यालाही सांगितलंय.

उद्या घरच्या गल्लीत शिरताना मला मोठ्याने रडत, बाबांना हाका मारत जावं लागेल. मुलगा मुकाट्याने आत शिरला तर गाव म्हणेल, कसला दगड आहे हा. बायकांना शोकाचे बोल येतात, आम्हा पुरुषांना चारच ओळी पुरतात. पण त्या स्वतःच्या असाव्या लागतात. मी त्या जुळवतोय. जुळवताना लक्षात आलं की बाबांबद्दल मी आजवर मोठ्याने एकही चांगला शब्द बोललेलो नाही. त्यांनाही माझ्याबद्दल कधी बोलताना ऐकलं नाही. आम्ही दोघं एकमेकांसमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारे. आता माझी गुळणी सुटली, तर ऐकायला ते नाहीत. एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. ड्रायव्हरला दिसू नये म्हणून पाठ फिरवून बसलोय.

२६ ऑक्टोबर

हे कसं लिहू?

दुपारी गावच्या फाट्यावर उतरलो. पहिल्यांदा आमच्या अंगणाकडेच बघितलं. घरात मयत असलं की अंगणात तंबू उभारतात, तो लांबूनच दिसतो. तंबू नव्हता.  म्हणजे माती देऊन झाली, तंबूसुद्धा उतरवला आणि माझ्यासाठी एक दिवस कुणी थांबलं नाही. मला राग आला आणि त्या रागातच मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उंच पॉपलरच्या झाडांच्या रांगेपासून रडायला सुरुवात केली. छाती फाडून रडलो. बाबा हो, बाबा हो, अशा हाका मारत, बंद डोळ्यांनी, ओळी म्हणत.

पहिल्या घरातून बातमाकाकी धावत आली. कणकेने भरलेले हात तसेच. "अगं बाई! ओमुरबेक गेला, तुझा बाप गेला? आत्ता सकाळी तर मी त्यांच्याकडे चाळण द्यायला गेले होते!" आणि तिने गळा काढला. तिचं ऐकून समोरच्या दोघी. मग म्हातारे काठ्या टेकत. कुणी कुणाला काही विचारेना. सैनिक पोरगा रडत आलाय म्हटल्यावर विचारायचं काय? काकी "सकाळी" म्हणाली हे माझ्या कानावर पडलं होतं. पण मला वाटलं, हीसुद्धा त्यांना सामील आहे.

फाटकाशी पोचलो तोवर वीसपंचवीस माणसं माझ्यामागे आक्रोश करत होती. दादा छपरावर गवत रचत होता. त्याने एवढी माणसं रडताना बघितली आणि तोही वरूनच रडायला लागला. त्याला वाटलं, खाली कोण गेलं कुणास ठाऊक, पण गेलं खरं. आई चुलीपाशी मटकन खाली बसली.

आणि उन्हात, भिंतीला लागून, बाकावर बाबा बसले होते. आईचा पांढरा रुमाल हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारलेला, त्यावर टोपी. एक गाल पावासारखा फुगलेला. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि उठून, टोपी काढून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

 बातमाकाकी म्हणाली, "तुम्ही!"

दात. सगळा प्रकार दातांचा होता. नारिनला जाऊन त्यांनी सगळे दात काढून घेतले, नवी कवळी करायला टाकली. मग कुरुत कोण फोडणार, म्हणून पिशवी मला. डोकं कोण चावणार, म्हणून "तालान्त, तू घे." शेवटची मुळं काढल्यावर जबडा सुजला, ताप चढला. एका रात्री तापात ते माझं नाव घेत राहिले म्हणून आई घाबरली आणि दादाला म्हणाली, पोराला बोलाव.

मी दादावर ओरडलो, "'जरा बरं नाही' असं कोण सांगतं रे?"

"मग काय सांगू? बरं नव्हतंच ना त्यांना! मी भाकरीची शपथ घेतली तरी तुझा विश्वास नाही, तर आता काय लिहून देऊ?"

"दातांचं आधी सांगता येत नव्हतं?"

त्यावर आई म्हणाली, "त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, पोरगा टेकाडावर सगळ्यांच्या मधे उभा राहून बोलतो. माझी फुसफुस ऐकली तर त्याचे सोबती त्याला हसतील."

मला पुन्हा रडायला आलं. आता कसलं ते कळेना.

शोकाला आलेली माणसं उपाशी परत पाठवायची नसतात, म्हणून मेंढा कापावाच लागला. आईने अपशकुन जावा म्हणून तेलात सात पोळ्या तळल्या. म्हातारे पोटभर जेवले आणि म्हणाले, ओमुरबेक आता शंभरी गाठणार. डोकं आज कुणापुढे ठेवायचं यावर बराच वाद झाला. बाबांनी ते स्वतःपुढे ओढून घेतलं, नुसतं, शोभेला.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बाबा तबेल्यात तांबडीच्या पायाला तूप चोळत होते. सूज थोडी उतरली आहे. त्यांचं बोलणं आता मला नीट कळतं, इथे मी ते सरळ करून लिहितो.

मी घोडी धरली.  मग खाली बघतच ते म्हणाले, "काल येताना तू काहीतरी म्हणत होतास."

"काही नाही. असंच."

"ओळी होत्या. बातमाच्या गळ्यापुढे मला नीट ऐकू आलं नाही. म्हण पुन्हा."

 "बाबा, जिवंत माणसासमोर ते म्हणतात का? वाईट असतं."

"आणि मेल्यावर मला ऐकू येणार आहे का?"

 मी घोडीच्या मानेकडे बघून म्हटल्या.

"पाठीमागच्या माझ्या डोंगरा, बाबा हो,
वाऱ्यात उभ्या ठाकलेल्या वाघा, बाबा हो,
तुमच्या सावलीत मी वाढलो, बाबा हो,
ऊन काय असतं ते आज कळलं."

त्यांनी हात थांबवला होता. चेहरा दुसऱ्या कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा. नाक ओढलं, रुमालाची गाठ उगाच घट्ट केली.

"डोंगर राहू दे," ते म्हणाले. "वाघ काढ. मी लांडग्याला भिणारा माणूस."

"बरं."

"आणि एवढंच?"

"चार ओळी पुरतात म्हणे. अजून सुचत होत्या, पण गाव आलं."

त्यांनी तुपाचा हात माझ्या गणवेशाच्या बाहीला पुसला. तांबडीचा पाय पुन्हा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "मग पूर्ण कर. पण घाई नाही."